परतीचं इंधन

३ फेब्रुवारी

प्रिय ठकू,

परवा तू फोन आपटलास. आपटला नाही, कट झाला, असं म्हणशील. बरं, तसं म्हण. फोनवर आपण दोघी दोन मिनिटांत हमरीतुमरीवर येतो आणि बाबा खुर्चीत बसून एकदा माझ्याकडे, एकदा फोनकडे बघत राहतात. म्हणून आजपासून पत्र. पत्रात निदान एकीचं बोलून होईपर्यंत दुसरीला मध्ये तोंड घालता येत नाही.

बाबांचं सांगते. झटका येऊन सात महिने झाले. उजवा हात अजून मांडीवर ठेवावा लागतो, तो आपणहून कुठे जात नाही. बोलण्यात चार शब्द आहेत: हो, नको, चहा आणि वारा. डाव्या हाताने एखादा शब्द लिहायचा म्हटलं की त्यांना घाम फुटतो, पण आकडे मात्र सरसर येतात. डॉक्टर म्हणतात, असं होतं. चौतीस वर्षं विमानतळावर त्या बिनखिडकीच्या खोलीत बसून माणूस सुटणाऱ्या विमानांचे आकडेच लिहीत होता, तेवढे कसे जातील?

महिन्यातून एकदा व्यायामाच्या दवाखान्यात त्यांचं वजन करतात. ते एकटे काट्यावर उभे राहू शकत नाहीत, म्हणून मी त्यांना धरून बरोबर चढते. मग त्यांना खुर्चीत बसवून मला एकटीला चढवतात आणि वजाबाकी करतात. नर्स माझा आकडा सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात वाचते. 'ताई अठ्ठावन्न!' जसा काही माझा लिलाव चाललाय. बाबा मान डोलावतात. ते बाहत्तर आहेत, ठणठणीत.

आता मुख्य गोष्ट. रोज सकाळी सात वाजता चहा झाला की बाबा म्हणतात, 'वारा'. मग मी तो शोधून द्यायचा, पस्तीस हजार फुटांवर कुठून किती वाहतोय तो. ऑफिसातून आणलेले जुने छापील कागद आहेत ना, त्यातला एक काढून ते डाव्या हाताने भरतात. किती अंतर, किती वारा, किती वेळ. इथून तुझ्या गावच्या विमानतळापर्यंत. अंतर रोज तेच, दोन हजार चारशे साठ किलोमीटर. वेळ वाऱ्याप्रमाणे, कधी तीन तास चाळीस, कधी तीन पस्तीस. रोज, ठकू. मी त्यांची दाढी करते, औषधं देते, कवळ्यांच्या प्रयोगशाळेत अर्ध्या दिवसाची नोकरी करून पळत घरी येते आणि ते रोज सकाळी उठून तुझ्याकडे निघतात.

पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते उगीच नाही. माझं अंतर शून्य. शून्याचा कागद कोण भरणार?

एप्रिलमध्ये येऊ का म्हणून विचारत होतीस. गरज नाही. सगळं व्यवस्थित चाललंय.

तुझी,
ताई


१४ फेब्रुवारी

प्रिय ताई,

डेपोतल्या विश्रांतीच्या खोलीत बसून लिहितेय. पुढची बस बावीस मिनिटांनी न्यायचीय, तेव्हा अक्षराला हसू नकोस. फोन मीच आपटला होता.

तू माझ्यावर जळतेस हे वाचून मला आधी हसू आलं आणि मग राग. कशावर जळतेस? कागदावर? मी कशावर जळते ते ऐक. बाबांची दाढी आधी कुठल्या गालावरून सुरू करायची ते तुला माहीत आहे. त्यांना रात्री उशी उंच लागते की सपाट, तुला माहीत आहे. चार शब्द राहिलेत म्हणतेस, ते चारही तू रोज ऐकतेस. मी फोनवर 'बाबा' म्हणते तेव्हा पलीकडून नुसता श्वास येतो, आणि मागून तुझा आवाज, 'पुरे आता, दमले ते'. लहानपणी आपल्या खोलीच्या मधोमध तू खडूने रेघ ओढली होतीस आणि मला पाय टाकू द्यायची नाहीस. तशी रेघ तू आता बाबांभोवती ओढलीयस.

आणि एक विचारायचंय. सात महिने जिभेच्या टोकावर आहे. बाबांना झटका आला गुरुवारी. मला तू फोन केलास त्याच्या पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी. नऊ दिवसांनी. विमानाला लागतात तीन तास चाळीस मिनिटं. मी डेपोत बसून हिशेब केलाय, नऊ दिवस मी सलग उडत राहिले असते तर अठ्ठावन्न खेपा झाल्या असत्या. मला एक खेपही का नाही करू दिलीस?

एप्रिलची महिनाभराची रजा मी मागून ठेवलीय. गरज तुला नसेल, मला आहे.

तुझी,
ठकू


२ मार्च

प्रिय ठकू,

नऊ दिवसांचं म्हणशील तर दवाखान्याच्या धावपळीत राहून गेलं. ज्याचं जळतं त्याला कळतं. उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं.

येऊ नकोस. तू येशील, महिनाभर हसशील, खिदळशील, त्यांना चाकाच्या खुर्चीतून गावभर फिरवशील आणि जाशील. मग दाराकडे बघत बसलेला माणूस सांभाळायचा मी. मागे तू आली होतीस तेव्हा हेच झालं. तू गेल्यावर चार दिवस ते माझ्याशी नीट बोलले नव्हते, आणि तेव्हा तर त्यांना सगळे शब्द येत होते.

खडूची रेघ तुला आठवते. मला काय आठवतं सांगू? शाळेच्या सुट्टीत बाबा तुला स्कूटरवर पुढे उभं करून ऑफिसात न्यायचे. तू त्यांच्या टेबलावर बसून कागदातल्या चौकटी भरायचीस आणि संध्याकाळी मला ऐकवायचीस, आज मी एक विमान सोडलं. मी घरी असायचे, कारण आईला दम लागला तर वाफारा द्यायला कोणीतरी हवं. 'ताई समजूतदार आहे,' असं म्हणून बाबा किक मारायचे. त्या समजूतदारपणाचं मी आजवर खातेय. त्या चौकटींवर नुसती अक्षरं छापलेली आहेत, कुठल्या चौकटीत काय भरतात ते मला आजही कळत नाही. अंतर, वारा आणि वेळ तेवढे ओळखता येतात. मला कोणी शिकवलंच नाही.

सोबतच्या पाकिटात सप्टेंबरपासूनचे सगळे कागद आहेत. एकशे अठ्ठ्याहत्तर. मी दिवसाप्रमाणे लावून ठेवले होते, का ते विचारू नकोस. तुझेच आहेत, तूच ठेव. मोजून बघ म्हणजे कळेल, मी रोज सकाळी काय बघते.

बाबांना विचारूनच पाठवतेय. ते 'हो' म्हणाले आणि हसले. तुझं नाव काढलं की हसतातच.

ताई


१३ मार्च

प्रिय ताई,

हे पत्र बसून वाच. आणि कागद दूर फेकायचा झाला तर संपल्यावर फेक.

पाकीट आल्यावर मी खरंच आधी खूश झाले. एकशे अठ्ठ्याहत्तर वेळा बाबा माझ्याकडे निघाले होते! शेजारणीला दाखवायला एक कागद घेऊन गेलेसुद्धा. तिला चौकटी समजावून सांगायला लागले आणि अर्ध्यातच कागद उचलून घरी पळाले.

डावीकडे खाली, वेळेच्या चौकटीच्या बरोबर खाली, एक मोठी चौकट आहे. ती भाराची. विमानात किती वजन आहे ते त्यात लिहितात. एरवी तिथे टनांचे आकडे असतात. बाबांनी लिहिलंय, '५८ + २०'. वीस म्हणजे सामान, एका माणसाला तेवढंच नेऊ देतात. आणि अठ्ठावन्न?

बाबा बाहत्तर आहेत, तूच लिहिलंस. मी किती आहे ते तुला सांगणार नाही, पण स्टेअरिंगमागची खुर्ची मागे सरकवून बसते एवढं पुरे. अठ्ठावन्न कोण आहे, ताई? ते तर रांगेतल्या सगळ्यांना माहीत आहे.

त्या विमानात बाबा नाहीतच. तू आहेस. एकशे अठ्ठ्याहत्तर सकाळी त्यांनी तुला विमानात बसवलंय आणि तू त्यांना वारा शोधून देत होतीस.

मग मी रात्रीचं जेवण तसंच ठेवून सगळे कागद जमिनीवर मांडले. सप्टेंबरात त्या चौकटीत चौसष्ट आहे. ऑक्टोबरात त्रेसष्ट. नोव्हेंबरात एकसष्ट, डिसेंबरात साठ. जानेवारीत एकोणसाठ आणि फेब्रुवारीभर अठ्ठावन्न. दर महिन्याला नर्सने आकडा वाचला की दुसऱ्या सकाळपासून चौकट बदललेली आहे. तू सहा किलो उतरलीस. मला एका अक्षराने कळवलं नाहीस, 'सगळं व्यवस्थित चाललंय' म्हणालीस. ज्या माणसाला फक्त आकडे येतात तो रोज आकड्यांत ओरडत होता की हिला कुठेतरी पाठवा.

इथपर्यंत मला तुझी दया आली. आता पुढचं.

उजवीकडे वरची चौकट इंधनाची. जायला लागेल तेवढं, शिवाय उतरायचा विमानतळ बंद असलाच तर जवळच्या दुसऱ्यावर जाण्यापुरतं आणि थोडं राखीव. इथवरच्या अंतराला सगळं मिळून साडेअकरा टन होतं. बाबांनी प्रत्येक कागदावर साडेअठरा लिहिलंय. मला वाटलं, चूक झाली. बाबा आणि चूक? मग आठवलं. पलीकडे इंधन मिळायची खात्री नसली की निघतानाच परतीचंही भरून देतात. त्याला बाबा 'शिदोरी' म्हणायचे. तुला त्यांनी रोज शिदोरी बांधून पाठवलंय, ताई. तुला तिकडे कोणाच्या तोंडाकडे बघावं लागू नये आणि तू परत यावीस म्हणून.

मी एकोणीस वर्षांपूर्वी घर सोडलं त्या सकाळी बाबांनी माझ्या विमानाचा कागद करून माझ्या हातात दिला होता. मी तो लायसन्सच्या पाकिटात ठेवलाय, कोणालाही दाखवते, माझ्या बापाने माझं विमान सोडलं म्हणून. आज पहिल्यांदा त्यातली उजवीकडची वरची चौकट नीट वाचली. साडेअकरा. माझं विमान त्यांनी फक्त जाण्यापुरतं भरलं होतं.

तेव्हा आता जळायची पाळी माझी. तू खुशाल हस.

ठकू


५ एप्रिल

ताई,

तीन आठवडे झाले. पत्र पोचल्याचं पोस्टातून कळलंय, तेव्हा मिळालं नाही असं म्हणू नकोस. फोन केला तर उचलून बाबांच्या कानाला लावतेस आणि स्वतः बोलत नाहीस. काल बाबांचा श्वास ऐकला आणि मागून पाण्याचा नळ ऐकला. तू भांडी घासत होतीस. एवढ्या जोरात कोणी भांडी घासत नाही.

माझं काही लागलं असेल तर सांग. माझी रजा सोळा तारखेपासून आहे. तिकीट काढलेलं नाही. तू 'ये' म्हटल्याशिवाय काढणार नाही. तेवढी रेघ मी पाळते.

ठकू


११ एप्रिल

प्रिय ठकू,

तुझं मोठं पत्र मी वजनापाशीच थांबवलं होतं. पुढचं वाचलंच नाही. मला वाटलं, बाबांना मी घरातून जायला हवी आहे. एकशे अठ्ठ्याहत्तर वेळा मला दाराबाहेर काढलंय आणि कामाला मलाच लावलंय! तीन आठवडे मी त्यांच्याशी कामापुरतं बोलले. सकाळी 'वारा' म्हणाले की मी म्हणायचे, आज वारा नाही. ते वाट बघायचे, मग कोरा कागद घडी करून खिशात ठेवायचे. एवढी दुष्ट मी कधी झाले कोण जाणे.

तुझी पाच तारखेची चिठ्ठी आली तेव्हा मोठं पत्र पुन्हा काढलं आणि शेवटपर्यंत वाचलं. मग एक कागद बाबांपुढे ठेवला आणि त्या डावीकडच्या चौकटीवर बोट ठेवून विचारलं, हे कोण? त्यांनी डावा हात पुढे केला आणि अंगठा आणि एका बोटाने माझं मनगट धरलं. बोट अंगठ्यावरून पुढे गेलं. तेवढं मला दाखवलं आणि हात सोडला नाही. मी सत्तेचाळीस वर्षांची बाई, ठकू, चहाच्या कपापुढे बसून हमसून रडले.

आता नऊ दिवसांचं. राहून गेलं नव्हतं. मी मुद्दाम कळवलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाबांनी डोळे उघडले आणि माझा हात धरला. खोलीत मी एकटी होते. त्यांना शोधायला दुसरं कोणी नव्हतं. तू आली असतीस तर ते दाराकडे बघायला लागले असते. मला तेवढं नको होतं. रोज सकाळी ठरवायचे की आज ठकूला फोन करायचा, आणि रोज संध्याकाळी म्हणायचे की अजून एक दिवस. बाबांचं काही बरंवाईट झालं असतं तर तुला मी तोंड कसं दाखवलं असतं याचाही विचार केला आणि तरी फोन केला नाही. नवव्या दिवशी त्यांच्या तोंडून पहिला शब्द आला, 'वारा'. मला वाटलं, हा तुझाच शब्द, तुलाच बोलावताहेत. म्हणून हरून फोन केला. मी तुझ्यावर आयुष्यभर जळले आणि त्या नऊ दिवसांत त्याचा अगदी कोळसा झाला. माफ कर म्हणणार नाही. तू करशील आणि मग मला तुझं तेही सोसायचं नाही. पण हे तुला माहीत असायला हवं.

तर सोळा तारखेला ये. मी सतराला निघते. एक दिवस दोघी एका घरात, तेवढं भांडणाला पुरेल. तुझ्या घराची किल्ली माझ्या हातात दे आणि गरम पाणी कुठल्या नळाला येतं ते लिहून ठेव. मी तुझ्या घरी महिनाभर झोपणार आहे. प्रयोगशाळेत सांगितलंय, महिनाभर गावच्या कवळ्या दुसऱ्या कोणी तरी घडवा. दाढी डाव्या गालावरून सुरू कर. उशी सपाट. 'नको' दोनदा म्हणाले तर नको, एकदा म्हणाले तर हो. नर्स आकडा मोठ्याने वाचेल, तयारीत राहा.

सतरा तारखेचा कागद बाबांनी आताच करून ठेवलाय, वाऱ्याची चौकट सोडून. भारात सत्तावन्न आहे. इंधन साडेअठरा.

आणि एक. मी त्यांना तुझं विचारलं. रागाने नाही, खरंच कळायला हवं होतं म्हणून. म्हटलं, ठकूला परतीचं का नाही भरलंत? त्यांनी पेन मागितलं. आकडे नाही, शब्द लिहिले. पाऊण तास लागला, दोनदा पेन पडलं, शर्ट घामाने भिजला. मी मध्ये पुरे म्हटलं तर 'नको' म्हणाले, दोनदा. त्यांनी लिहिलेलं जसंच्या तसं उतरवते:

'जड झालं असतं. तिला उडायचं होतं.'

मी दाराच्या मागे जाऊन उभी राहिले. सत्तेचाळीस वर्षांत बाबांनी माझ्यासाठी असं काही लिहिलेलं नाही, आणि सगळी जळजळ पुन्हा घशाशी आली. म्हणून तो कागद मी लगेच पाठवला नाही. उशीखाली ठेवला होता. आज तो या पाकिटात घालतेय.

उशीर झाला आहे, कबूल करते. पण नऊ दिवस नाही, ठकू. दोनच.

तुझी,
ताई